केशरी मला शिकवू नका

६ एप्रिल

देविका हिरवी आली!

तिचा शाळेच्या सहलीतला फोटो मगवर छापला. स्क्रीनवर हसरी मुलगी, मगवर काविळीचा पेशंट. केस शेवाळासारखे. दात तेवढे पांढरे. सूर्यकांतने ऑफिसमधून आल्या आल्या मग उचलला आणि विचारलं, "ही कोण?" देविका रडवेली — "मम्मा यार, झॉम्बी बनवलंस मला!"

रुचिरा मात्र हसत सुटली. पोट धरून, जमिनीवर बसून. घटस्फोटाचे कागद हातात पडले आणि ती भावाकडे, म्हणजे आमच्याकडे नोएडाला राहायला आली, तेव्हापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग वाया गेला, पण वसूल झाला.

नणंद-भावजय कंपनीचा पहिला माल!

७ एप्रिल

कागदावर छापलेले रंग मेलेले दिसतात. हीट प्रेसखाली तापले की शाईची वाफ होते, ती कापडात शिरते आणि मग रंग उमलतो. म्हणजे स्क्रीन बघून कळत नाही, कागद बघूनही कळत नाही. भाजून काढल्यावरच कळतं. तोवर देव पाण्यात.

१० एप्रिल

रुचिराने व्हिडिओ बघून बघून रोग शोधला. रंगाची दुरुस्ती प्रिंटरही करत होता आणि आमचं सॉफ्टवेअरही. "एकाच पेशंटला दोन डॉक्टरांचं औषध चाललं होतं, वहिनी!" प्रिंटरची दुरुस्ती बंद केली. शाईवाल्याने दिलेलं प्रोफाइल लावलं — ही शाई, हा कागद तापल्यावर कसा वागतो ते कॉम्प्युटरला सांगणारी फाइल. देविका माणसात आली.

रुचिरा त्या प्रोफाइलवर फिदा. मी नाही. मशीन एक म्हणतंय आणि डोळा दुसरं म्हणतोय, तर मी डोळ्याच्या बाजूने. वीस वर्षं जाहिरातीत काढली आहेत. "रंग ना? उत्तराला विचारा" — गुडगावच्या ऑफिसात हे रोज कोणी ना कोणी म्हणायचं. हे आजारपण उपटलं नसतं तर अजूनही ऐकत असते.

१४ एप्रिल

तपासणी. मानेतली गाठ हाताला लागेनाशी झालीय. टीबी फुफ्फुसात नाही म्हणून घरात कोणाला धोका नाही, हे डॉक्टरीणबाईंनी सूर्यकांतला पुन्हा एकदा समजावलं. गोळ्या चालूच. "डोळ्यांना काही वेगळं वाटलं तर लगेच या," असं दर खेपेसारखं म्हणाल्या. मी "हो हो" म्हटलं. माझं लक्ष त्यांच्या कॅलेंडरकडे. आकाशाचा निळा किती घाण छापलाय!

२ मे

मजेचा दिवस. रुचिराने कापडावर रंगांच्या छोट्या छोट्या चौकोनांचा तक्ता छापला, प्रत्येकाखाली त्याचे आकडे. गिऱ्हाइकाने रंग दाखवला की तक्त्यावर जुळणारा चौकोन शोधायचा आणि तेच आकडे फाइलमध्ये घालायचे. अंदाजपंचे नाही.

मी म्हटलं, आकडे कसले, नावं घाल. आणि बसलो दोघी. डाळिंबी. अबोली. आमसुली. मोरपिशी. चिंतामणी. रुचिराला आईची लग्नातली साडी आठवली, मला मावशीचं इरकली लुगडं. देविका डोकावून म्हणाली, "हे अर्धे तर सगळे रेडच आहेत ना?" दिल्लीत वाढलेली पोर! आम्ही दोघींनी तिला हाकलून लावलं.

रुचिरा रात्री म्हणाली, "वहिनी, मला वाटलं होतं आता माझं काहीच होणार नाही." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बोलायला हवं होतं.

२५ मे

उकाडा असह्य. प्रेस चालू केली की खोलीची भट्टी होते. पण कामं येतायत. उशांचे अभ्रे, पाण्याच्या बाटल्या, एका सोसायटीच्या क्रिकेट टीमच्या जर्सी. कोऱ्या जर्सी आणायला दोघी करोल बागला गेलो. छोले-भटुरे खाल्ले. सुती काही दुकानदाराने गळ्यात मारू नये म्हणून रुचिरा प्रत्येक गठ्ठ्यातला एक धागा जाळून बघत होती. सुतावर ही शाई बसत नाही, पॉलिएस्टरच लागतं. दुकानदार वैतागला. "मैडम, दुकान फूँकोगी क्या?"

११ जून

खोलीतली ट्यूबलाइट बदलायला हवी. सगळं धुरकट दिसतं. आज क्रिकेटवाल्यांचा लाल विटका वाटला म्हणून चढवला. रुचिरा म्हणाली, "वहिनी, लाल खूप होतोय."

"मला कळतं गं."

तिने तक्ता घडी करून ठेवला.

१९ जून

गाझियाबादच्या बाईंना अभ्रे पोचले. नातवंडांचे फोटो. फोनवर नुसत्या उड्या मारत होत्या — "बिल्कुल असली लग रहे हैं बच्चे!" मला तर चेहरे फिकेच वाटले होते. लोकांना डोळे नसतात.

३० जून

नवी ट्यूब लावली. काही फरक नाही. हल्ली कुठल्याच कंपनीचा माल धड येत नाही.

रुचिरा जेवताना म्हणाली, "वहिनी, डोळे तपासून येऊया का? मलाही दाखवायचेत." मी म्हटलं, तुला दाखवायचे तर तू जा. माझ्या डोळ्यांवर मी वीस वर्षं पगार घेतलाय. जरा जोरातच बोलले वाटतं. सूर्यकांतने टीव्हीचा आवाज वाढवला.

८ जुलै

मोठं काम! दिल्लीतल्या मुनिरकात राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी ढोल-ताशा पथक काढलंय. साठेक जर्सी, पांढऱ्यावर सगळा केशरी छापायचा, पाठीवर ढोल आणि पथकाचं नाव. गणपतीत तीन मंडळांत वाजवणार. अंशुमन म्हणून मुलगा आला होता, सोलापूरचा, पीएचडी करतोय. दाढी, चप्पल, फार गोड बोलणारा. पोरांनी फेलोशिपमधून वर्गणी काढलीय. पहिलंच वर्ष म्हणून नुसते पेटलेले आहेत.

पिशवीतून झेंड्याच्या कापडाचा तुकडा काढला. "मॅडम, एक्झॅक्ट हा रंग हवाय."

मी तुकडा त्याच्या हातात परत दिला. "केशरी मला शिकवू नका. मी कोल्हापूरची आहे." तो हसला, मीही हसले.

रुचिरा नाही हसली. तो निघताना त्याच्या मागे दारापर्यंत गेली. तुकडा मागायला गेली असणार. पण माझ्याकडे बघून तशीच परत आली.

२० जुलै

रुचिरा पुण्याला. सासूबाईंच्या, म्हणजे तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. निघताना दहा वेळा — "जर्सींना मी येईपर्यंत थांब ना." का? मला एकटीला जमत नाही? "तसं नाही, वहिनी. निदान प्रोफाइल काढू नकोस. आणि लाल…"

"रुचिरा, टॅक्सी थांबलीय."

२८ जुलै

झालं! एकटीने. पाठ मोडलीय. हवा इतकी दमट की प्रत्येक जर्सी आधी नुसतीच दाबून कोरडी करावी लागत होती. केशरी काही मनासारखा येईना. सारखा मातकट. प्रोफाइल काढून टाकलं आणि ढकलत ढकलत आणला शेवटी. थोडा तरी पेटला.

देविका चाचणी परीक्षेत गुंतलेली, सूर्यकांत संसदेच्या अधिवेशनाच्या कामात, उशिरा येतो. कोणाला दाखवायलाही नाही. घड्या घालून गठ्ठे बांधले.

३ ऑगस्ट, रविवार

अंशुमन सकाळी गठ्ठे घेऊन गेला. दुपारी परत आला, सोबत एक मुलगी. दोघांचे चेहरे उतरलेले.

"मॅडम, हा गुलाबी आहे."

मी म्हटलं, चेष्टा करू नका.

मुलीने जर्सी उलगडून पोटाशी धरली. "काकू, बघा ना. गुलाबी आहे, लालसर गुलाबी. हे घालून आम्ही ढोल कसा वाजवणार?" तिचे डोळे भरलेले. सूर्यकांत बाहेर आला, बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पोरांसाठी पाणी आणायला आत गेला. देविका म्हणाली, "मम्मा, हा हॉट पिंक आहे यार."

बाल्कनीत उन्हात नेली. खरंच, मलाही तो केशरी वाटेना. कसलाच वाटेना. प्रेसमधून काढताना बरा होता! मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय. कोणीतरी काहीतरी बिघडवलंय.

पोरांना पैसे परत केले. घेताना अंशुमन मान खाली घालून म्हणाला, "पैशाचं नाही हो. आता दुसरीकडे वेळ मिळणार नाही."

५ ऑगस्ट

रुचिरा आली. दारातच विचारलं — जाण्याआधी सेटिंगला हात लावला होतास?

तिने बॅग खाली ठेवली. जर्सी पाहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "या वेळी नाही, वहिनी."

तिचा तो शांत आवाज! माझ्या डोक्यात तिडीक गेली. आणि मी म्हटलं — लिहितेच, म्हणजे उद्या मला म्हणता येणार नाही की असं म्हटलंच नव्हतं — "स्वतःचं घर बिघडवून आलीस, आता माझं काम बिघडव."

सूर्यकांत "उत्तरा!" म्हणाला. रुचिराने बॅग उघडली. पुण्याहून आणलेल्या बाकरवड्या टेबलावर ठेवल्या आणि खोलीत गेली.

रागात माणूस बोलतं. सकाळी बघू.

७ ऑगस्ट

गेली. पानिपतला. तिच्या मैत्रिणीच्या ओळखीने एका ब्लँकेटच्या कारखान्यात, छपाईचे रंग तपासायची नोकरी. राहायची खोलीही बघितलीय. सूर्यकांत सोडायला गेला. मी स्वयंपाकघरात होते. ती दाराशी येऊन म्हणाली, "वहिनी, गोळ्या वेळेवर घे."

मी कुकरची शिट्टी काढत राहिले.

८ ऑगस्ट

तिच्या खोलीत इस्त्री केलेला पलंगपोस. पलंगावर एक सुरकुती नाही. कोणी राहतच नव्हतं जणू.

१६ ऑगस्ट

देविकाला क्लासहून आणत होते. चौकात सिग्नल होता. मला दिवा दिसला, रंग दिसला नाही. खरंच दिसला नाही. पुढची गाडी गेली म्हणून मीही स्कूटर काढली. देविका किंचाळली — "मम्मा रेड है! रेड!" डावीकडून बस. ब्रेक. बसवाल्याने काच उघडून जे काय ऐकवलं ते योग्यच होतं.

रस्त्याच्या कडेला बसलो दोघी. तिने विचारलं, "तुला खरंच नाही दिसला?"

१८ ऑगस्ट

डोळ्यांचे डॉक्टर. ठिपक्याठिपक्यांची चित्रं समोर धरली, त्यात आकडा ओळखायचा. मला नुसते ठिपके. एकामागून एक पानं उलटली. शेजारी देविका, आधी पुटपुटत होती — "आठ… एकोणतीस… पाच…" मग तिला कळलं की मला काहीच दिसत नाहीये. माझा हात धरला.

डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध चालू आहे? मी पाकीट दिलं. त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. टीबीच्या गोळीतलं एक औषध क्वचित कोणाकोणाच्या डोळ्याच्या नसेला बाधतं. आधी लाल-हिरवा जातो. मग मधलं अंधुक होतं.

"कब से है?"

मी म्हटलं, आत्ताच. मग म्हटलं, जूनपासून असेल.

"किसी ने टोका नहीं?"

मी पाकीट परत घेतलं.

ते औषध आजच बंद. बाकीची डॉक्टरीणबाई बदलून देणार. नजर परत येईल का? बहुतेकांची येते, काही महिने लागतात. कितपत येईल ते सांगता येत नाही. लवकर आला असतात तर, म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं नाही.

१९ ऑगस्ट

सगळं उलगडत बसलेय. विटका लाल. जुनी ट्यूब. मातकट केशरी. सगळं माझ्या डोळ्यांत होतं. जे मला कमी दिसायचं ते मी कापडावर ओतत होते.

डॉक्टरीणबाईंनी दर वेळी सांगितलं होतं. आणि मी कॅलेंडर बघत होते.

२० ऑगस्ट

रुचिराला फोन. उचलला नाही. मेसेज लिहिला, पुसला, लिहिला. शेवटी एवढंच पाठवलं — डोळ्यांचा आजार निघाला. चूक माझी होती. तिचं उत्तर आलं — काळजी घे, औषध बदलून घे. बस.

अक्षर मोठं काढावं लागतंय. ओळीतला मधला शब्द पुसट होतो.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

मंडळात गेलो. पथक आलं, पांढऱ्या कुडत्यांत. ज्याच्या त्याच्या घरचे कुडते, एकाचाही पांढरा दुसऱ्याशी जुळत नव्हता. वाजवलं मात्र असं की शेजारच्या गल्लीतले पंजाबीसुद्धा येऊन नाचले.

नंतर अंशुमनला गाठून सांगितलं खरं काय ते. त्याने ऐकून घेतलं. "बापरे मॅडम. आता कसंय?" त्याच्या जागी मी असते तर आधी जर्सीचं बोलले असते.

रुचिरा आली नाही. सूर्यकांतने तिच्यासाठी मोदक बाजूला काढले. संध्याकाळी देविकाने खाल्ले.

१४ सप्टेंबर

पानिपतला जाऊन आले. एकटीच गेले, ट्रेनने. सूर्यकांत येतो म्हणत होता, नको म्हटलं.

खोली एका सूतवाल्याच्या घराच्या वर. रस्त्यात सगळीकडे चिंध्यांचे डोंगर, हवेत तंतू. रुचिराने दार उघडलं. बारीक झालीय. केस कापलेत. मला आत घेतलं, पाणी दिलं, चहा टाकला. डोळ्यांचं विचारलं — सविस्तर, एखाद्या नर्ससारखं. आता लाल किती दिसतो, वाचता येतं का, परत कधी बोलावलंय.

मग मी म्हटलं, मला माफ कर. तू काहीच केलं नव्हतंस आणि मी तुझ्यावर आळ घेतला.

ती चहा गाळत होती. म्हणाली, "केलं होतं की."

मला कळेना.

"जूनपासून करत होते. तू फाइल बनवून झोपलीस की मी उघडायचे. तू चढवलेला लाल परत उतरवायचे, तक्त्याशी ताडून. त्या बाईंचे अभ्रे, त्या बाटल्या, क्रिकेटवाल्यांच्या जर्सी. तुला फिके दिसायचे ना? ते बरोबर होते, वहिनी."

म्हणजे सगळी शाबासकी तिची. मी घेत होते. आणि ती पुण्याला गेली तेवढं एकच काम पूर्ण माझ्या हातचं, आणि ते तसं झालं. "या वेळी नाही" म्हणाली होती. मी ऐकलंच नव्हतं नीट.

मी म्हटलं, मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, "कसं सांगणार? तुझी नोकरी गेली, आजारपण. डोळा तेवढा राहिला होता तुझ्याकडे मिरवायला."

मी रडले. ती नाही रडली. मी म्हटलं, परत चल. डोळे आजारी होते गं माझे. मला खरंच दिसत नव्हतं.

तिने कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "रंगाचं मी कधीच धरलं नाही. रंग तुला दिसत नव्हते, मान्य. पण ते वाक्य? ते तू डोळ्यांनी नव्हतं बोललीस."

खाली रिक्षाचा भोंगा. गाळणं विसळत ती म्हणाली,

"माझं घर मी बिघडवलं का, हे मी रोज स्वतःला विचारायचे. तुझ्याकडे राहायला लागल्यावर विचारायचं बंद झालं होतं."

मी चहा तसाच खाली ठेवला. स्टेशनपर्यंत सोडायला आली. मला फलकावरचे आकडे नीट दिसत नव्हते, तिनेच गाडी कुठे लागणार ते वाचून सांगितलं. डब्यात बसवलं. खिडकीतून हात धरावा असं वाटलं. काच बंद होती, एसीचा डबा.

२१ सप्टेंबर

तिला लिहिलं — प्रिंटर, प्रेस सगळं तुझं. पाठवू का? उत्तर — इथे जागा नाही, वहिनी. पण तिने 'वहिनी' लिहिलं. त्यावरच मी दिवस काढला.

२८ सप्टेंबर

भाजीवाल्याकडे टोमॅटो ओळखता आले. अगदी लाल नाहीत, पण हिरव्यांपासून वेगळे. डॉक्टर म्हणाले, चांगली खूण. सूर्यकांतने मिठाई आणली. मला आनंद व्हायला हवा होता.

५ ऑक्टोबर

जेवताना देविका सहज बोलून गेली — "आत्याने तर बाबांना तेव्हाच सांगितलं होतं ना, जूनमध्ये. मम्माच्या डोळ्यांना दाखवा म्हणून." आणि पापड मोडला.

मी सूर्यकांतकडे बघितलं. तो ताटात बघत होता.

पानिपतला रुचिराने हे सांगितलं नव्हतं. भावाला वाचवलं.

"का नाही बोललास?"

भात कालवत म्हणाला, "तू ऐकलं असतंस?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. देविका माझ्याकडे बघत होती. मिटलं.